ओल्या पंखांची पाखरं

"तिला म्हणावं, ते डबडं आडाव ठिऊ नको."

आत्या हे मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. माझ्याविषयीच काही चाललंय म्हटल्यावर नेहमीसारखी तिथेच थांबले. मामा 'हं' म्हणाले आणि पेपर उलटून वाचत बसले. मला त्यांनी काही सांगितलं नाही. त्या घरात निरोप असेच अर्ध्या वाटेत राहायचे.

मला ऐकू आलं ते असं – 'आडवं ठेवू नको.' डबडं म्हणजे माझा पतंगांचा सापळा, आणि तो मी ओल्या फडक्याने पुसून मागच्या अंगणात खरंच आडवा टाकला होता, वाळायला. मग चहा देऊन बाहेर गेले, सापळा उभा केला, डुगडुगू नये म्हणून बुडाला विटांचे तुकडे लावले. परसातली बाकी जमीन उंचसखल होती, फक्त तेवढा एक गोल भाग सपाट. तिथेच तो राहू दिला. आत्या पुन्हा काही बोलली नाही. मला वाटलं, झालं तिच्या मनासारखं.

या ग्रुपवर आपले अनुभव लिहिणारे बहुतेक जण आधी सांगून टाकतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता... आणि आता 'आहे' असंही म्हणवत नाही. आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर गेले आणि त्यांच्याबरोबर भुतंही गेली, असं बाबा सांगतात. नजर, अंगात येणं, अमावस्या, लिंबू – यातलं काही मी घरात पाहिलं नाही. शाळा इंग्लिश मीडियम, मग झूऑलॉजी. नांदेडची बोलायची मराठी मला येते, पण खेड्यातली, तोंडातल्या तोंडात गिळलेली मराठी मला कानाने अर्धीच कळते. हे सांगायला हवं, कारण त्यामुळेच हे सगळं झालं.

जागा सांगते. जळकोट तालुक्यातलं एक गाव. नांदेडहून कंधारमार्गे उदगीरला जाणाऱ्या एस.टी.ने फाट्यावर उतरायचं आणि चालत आत जायचं. गावाचं नाव देत नाही. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. होळी व्हायची होती, कडुनिंबाला मोहर आला होता आणि बाकी कशालाही काही आलं नव्हतं. गावात दोनच विषय. एक, टँकर कधी येणार. दुसरा, उदगीर वेगळा जिल्हा होणार की नाही.

मामा एस.टी.त कंडक्टर होते, रिटायर झालेले. ते म्हणायचे, "होऊ द्या की जिल्हा. नवा कलेक्टर येईल, घागर घेऊन आपल्या दारात उभा राहील. म्हणंल, तुमच्याकडं तांब्याभर मिळतंय का?"

मी तिथे का होते, तर आत्याला आणायला.

आई त्याआधीच्या हिवाळ्यात गेली. नांदेडला, दवाखान्यात. मी रडले नाही. हे तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. लोक भेटायला येत होते, मी चहा करत होते. कॉलेजचा प्रोजेक्ट बंद पडला तोही मला कुणी सांगितल्यावर कळला. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं होतं, आणि काच पुसावी असंही वाटत नव्हतं.

त्याच सुमारास आत्या टँकरपाशी घसरून पडली. चिखलात, भरल्या घागरीसकट. खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड टाकावा लागला. टाके काढले, पण जखम नीट भरेना. कडेने पू यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं – रोज स्वच्छ धुतलं पाहिजे, रोज ड्रेसिंग, कुणीतरी व्यायाम करून घेतला पाहिजे; नाहीतर आतला रॉड काढावा लागेल, आणि मग पायाचं काही सांगता येत नाही. त्या घरात प्यायलाच पाणी मोजून. आमच्या नांदेडच्या घरात खालची खोली रिकामी होती, नळाला पाणी होतं, दवाखाना गल्लीच्या तोंडाशी. बाबांनी खोलीत कॉटही टाकून ठेवली. आत्या म्हणाली, मी येणार नाही. का, ते सांगेना. मामा सांगून थकले, बाबा स्वतः येऊन गेले. ती एकच बोलायची, "मला हितंच ऱ्हाऊ द्या."

शेवटी बाबांनी मला पाठवलं. "तू जा. तुझं ऐकेल ती."

माझं! मी ऑटोवाल्याला 'इथे थांबवा' म्हणायला लाजते आणि पुढच्या चौकातून चालत परत येते. बाबांना हे माहीत आहे. मला वाटतं, त्यांना मलाही घरातून जरा बाहेर काढायचं होतं. मी बॅग भरली, आणि सापळाही घेतला, कारण कॉलेजच्या सरांनी प्रोजेक्टला मुदत वाढवून दिली होती.

सापळा म्हणजे फार काही नाही. एक झाकणाची बकेट, झाकणाला भोक पाडून बसवलेलं मोठं नरसाळं, वर जांभळट उजेडाचा बल्ब, तो बॅटरीवर चालणारा. आत अंड्यांचे कागदी ट्रे. पतंग – उडवायचे नव्हेत, दिव्यावर येतात ते – उजेडाकडे येतात, नरसाळ्यातून आत पडतात, ट्रेच्या खळग्यांत बसून राहतात. सकाळी एकेक ट्रे हळूच काढायचा, फोटो घ्यायचा, जात ओळखायची, सोडून द्यायचं. कुणाला मारायचं नाही. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला आवडायचं.

आधी मी तो कडुनिंबाखाली ठेवत होते. यायचे ते साधे, करडे, तपकिरी. दुष्काळात तेही थोडेच. मामा दात घासत बघायला यायचे.

"काय सायंटिस्ट, लागलं का काही गळाला?"

"थोडे आहेत."

"आख्खा जिल्हा पाणी हुडकून राहिला आणि आमची पोरगी किडे."

मग ते आडवं-उभं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर ट्रे ओले होते.

दमट नव्हे, ओले. कागदाचा लगदा बोटाखाली दबत होता आणि वास येत होता... शेवाळाचा. घाटावर पायऱ्यांना येतो तसा. आणि खळग्यांत लहान पांढरे पतंग बसलेले. पंखांवर बारीक तपकिरी रेघा, पण पंख नीट उघडलेले नव्हते. चुरगळलेले, मऊ, अंगाला चिकटलेले.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी – कोषातून बाहेर पडल्या पडल्या पतंगाचे पंख असेच असतात. तो कुठेतरी लटकून बसतो, पंख हळूहळू ताठ होतात, वाळतात, मग उडतो. सापळ्यात येणारा पतंग उडत येतो. ज्याला अजून उडताच येत नाही, तो झाकणावरच्या नरसाळ्यापर्यंत चढणार कसा? आणि एक नाही, जवळजवळ प्रत्येक खळग्यात.

मला पहिल्यांदा वाटलं, मामांनी गंमत केली, पाणी ओतलं. पण त्या घरात भांडी विसळलेलं पाणीही लिंबाच्या आळ्यात जायचं. गमतीसाठी पाणी कोण ओतेल? दव म्हणावं तर गवताची काडीसुद्धा ओली नव्हती. मी बकेट उचलून खालची माती चाचपली. पिठासारखी कोरडी, भुरभुरीत. एक मुंग्यांची रांग चाललेली.

मी फोटो सरांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं – मस्त रेकॉर्ड, ही पाणथळ जागेतली जात, हिची अळी पाण्यात राहते, पाण्यातल्या पानांचं घर करून. जवळ तळं असेल ना?

मी लिहिलं, नाही. गावतळ्यात पोरं क्रिकेट खेळतात.

त्यांनी लिहिलं, असेलच कुठेतरी. नीट बघ.

मी नीट बघितलं. मामांच्या ड्रमला घट्ट झाकण होतं. शेजारच्यांच्या टाक्यांत तळाला लोखंडाचा गंज. पाण्यातलं पान म्हणण्यासारखं हिरवं काही त्या गावात उरलेलं नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी तेच.

टँकर आला की मी घागरी घेऊन रांगेत उभी राहायचे, कारण आत्याचं ते काम आता माझं. मागच्या घरातल्या सुलूकाकू माझ्या पुढे होत्या. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघून घेतलं.

"काय गं माय, रोज दिवा लावून काय बघून राहिलीस मागं? धन हुडकती का?"

"नाही. पतंग."

"पतंग उडवायला रात्रीचं कशाला पायजे?"

"ते नाही... पाखरं. दिव्यावर येतात ती."

"हां, पाखरं म्हण की." काकू जरा पुढे सरकल्या. "बघ बापा. पण आडाव कशाला ठिवतीस? दुसरी जागा न्हाई का एवढ्या परसात?"

"आडवा नाही ठेवत मी. उभाच ठेवते."

त्या हसल्या. मागच्या दोघी बायकाही हसल्या. "आडवं न्हवं गं. आडाव. आडा-वर. आड ठाऊक न्हाई का? तुमच्या इंग्लिश शाळेत काय म्हणतेत की... हीर. बारकी, गोल. पाणी शेंदायची."

मी घागर खाली ठेवली. "तिथे विहीर आहे?"

"व्हती. तुझ्या मामाच्या बापानं खांदली. दुसऱ्याच्या हिरीवर ताटकळायला नगं म्हनून सवताची. लई ग्वाड पाणी. बुजवली."

"का?"

आता कुणी हसत नव्हतं. काकूंनी पदर तोंडावर धरला. "तुला कुणी सांगितलं न्हाई का? तुझी पम्मीताई..."

पम्मीताई म्हणजे आत्याची मुलगी. तिचा फोटो पुढच्या खोलीत होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा ड्रेस. ती माझ्यापेक्षा मोठी, मी तान्ही असताना गेलेली. मला लहानपणापासून सांगितलं होतं की ती तापाने गेली.

"तापाने ना?" मी म्हटलं.

"हाव," काकू म्हणाल्या. "तापानं म्हणतेत का तुमच्यात? बरं मग." रांग पुढे सरकली. त्यांनी नळीखाली घागर लावली आणि पाण्याच्या आवाजात, माझ्याकडे न बघता सांगितलं, "शेंदायला वाकली न् गेली. चौथीत व्हती. तुझ्या मामानं सवता टोपल्या टाकून बुजवला आड. कुणाला हात लावू दिला न्हाई."

घरी येईपर्यंत मला काही वाटलं नाही. खरंच काही नाही. पाणी सांडू नये एवढंच लक्ष होतं.

मग मी जे शिकले होते ते केलं. सापळा पुन्हा कडुनिंबाखाली नेला – साधे करडे पतंग, ट्रे कोरडे. परत त्या गोल जागेवर – पांढरे, ओले. एकदा बॅटरी चार्ज झाली नाही, लोडशेडिंग होतं, दिवा लागलाच नाही. तरी पांढरे, ओले. मग मी शेवटची गोष्ट केली. मच्छरदाणी घेतली, बकेट सगळ्या बाजूंनी तिच्यात बांधून टाकली, टोकं खालून गाठ मारून घेतली. बाहेरून मुंगीही जाऊ शकत नव्हती. सकाळी गाठ होती तशी होती. आत ते होते. नुकते बाहेर पडल्यासारखे, पंख चुरगळलेले, ट्रेमधून पाणी गळत.

हे मी सरांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. सापळा तिथून हलवायला हवा, आत्याने तेच तर सांगितलं होतं, हे मला कळत होतं. त्या सकाळी मी तो उचलून घराकडे आणला, आणि तेव्हाच आत्याने हाक मारली.

ती मागच्या ओसरीत बाजेवर असायची. तिथून परस पूर्ण दिसायचं. म्हणजे ती रोज मला त्या जागेवर ओणवं होऊन बघताना बघत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बबे. काय घावतं गं तुला? आण हिकडं."

नाही म्हणायला मला जमत नाही. मी ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने वाकून पाहिलं. ट्रेच्या ओलीने तिच्या लुगड्यावर डाग पडत गेला, तिने तो बघितला, ट्रे बाजूला केला नाही. एका पतंगापाशी बोट नेलं. तो बोटावर चढला.

"पंख ओले हायत हिचे," ती म्हणाली.

'हिचे' म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

तिने पदर बाजेच्या कडेला उन्हात पसरला आणि मला म्हणाली, "एक एक करून इथं ठिव. धक्का नगं लावू."

मी ठेवले. आम्ही दोघी बसून राहिलो. ऊन वर आलं तसे पंख ताठ होत गेले, पसरले, पांढरे स्वच्छ झाले. मग एक उडाला, कडुनिंबाच्या दिशेने. मग बाकीचे. पदर मोकळा झाला. आत्या म्हणाली, "चहा टाक," आणि त्या दिवशी तिने चहाबरोबर भाकरी मागून घेतली. आदल्या दिवसापर्यंत ती अर्धी भाकरी परत पाठवायची.

दुसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. मी सापळा हलवला नाही, तिनेही म्हटलं नाही. मी उठायच्या आधी ती पदर पसरून बसलेली असायची. मामा एकदा दारात उभे राहून बघून गेले. त्यांनी विनोद केला नाही. पुढे ते सकाळचे मागे यायचेच बंद झाले, दात पुढच्या दारात घासायला लागले.

एका सकाळी, पतंग वाळत असताना, आत्या बोलली. माझ्याशी नाही, पदराकडे बघून.

"बायांनी धरून ठिवलं मला. जाऊच दिलं न्हाई जवळ. वेण्या सुटल्या व्हत्या तिच्या. म्या म्हनलं, केस तरी पुसू द्या. न्हाई. उशीर होतंय म्हनले." बोटाने ती एका पतंगाला उन्हात सरकवत होती. "तशीच ओली नेली."

माझ्या आतून काही वर येत नव्हतं. मी पुढचा ट्रे आणला.

पण जखम वाईट होत होती. ड्रेसिंग मीच करायचे, मला दिसत होतं. कडा लाल, गरम. संध्याकाळी ताप चढायचा. जळकोटचे डॉक्टर येऊन बघून गेले, मामांना बाहेर बोलावून म्हणाले की आता थांबलात तर पाय तर जाईलच, विष अंगात भिनेल. मामा आत आले.

"झालं तेवढं बास. जीप सांगतो मी. उचलून घालीन."

"घाला की," आत्या म्हणाली. "तिथून रांगत येईन."

"अगं काय हाय काय हितं? पाणी न्हाई, औषध न्हाई. कुणासाठी बसली हायस?"

"हे झाल्याबिगर न्हाई येणार."

"काय झाल्याबिगर?"

ती परसाकडे बघत होती. मामांनी माझ्याकडे बघितलं. बाबांचा रोज फोन यायचा, 'बोललीस का तिच्याशी?' आणि मी म्हणायचे, बोलते. आले होते त्यासाठीच, आणि नांदेडचं नावसुद्धा मी तिच्यापुढे काढलं नव्हतं. मामांच्या त्या बघण्यात हे सगळं होतं. ते टोपी घालून बाहेर गेले, जीप सांगायला.

एक गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. पतंग कमी होत होते. आधी जवळजवळ प्रत्येक खळग्यात असायचे. मग अर्धे खळगे रिकामे. मग एखाद-दुसरा ट्रे. आत्यालाही दिसत असणारच, पण ती मोजत नव्हती, येतील तेवढे वाळवत होती. जीप यायच्या आदल्या सकाळी एकच आला. तिने तो पदरावर घेतलाच नाही, तळहातावर घेतला आणि हात उन्हात धरून बसली. त्या पतंगाला वेळ लागला. ताप होता तिला, हात खाली यायला लागला, मी खालून कोपराला आधार दिला. तो उडाल्यावरही ती हात तसाच धरून होती.

आता तुम्ही विचाराल याचं काय ते. मीही स्वतःला विचारत आलेय. या गोष्टीला काही वर्षं झाली. मी आता दुसऱ्याच कामात आहे, पण मधून मधून सापळा लावते. नांदेडजवळ एका तळ्याकाठी तीच जात मला पुन्हा मिळाली – कोरडी, ठणठणीत, उडत आलेली, जशी यायला हवी तशी. त्या परसातही मी नंतर दोनदा सापळा लावला, त्याच गोल जागेवर, एकदा भरपूर पाऊस होऊन गेल्यावरसुद्धा. साधे करडे पतंग मिळाले. आड कुणी उकरला नाही. गावातले काही जण म्हणाले होते, दुष्काळात उकरून बघा, पाणी असेल. मामांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. खाली पाणी आहे का, मला माहीत नाही. असतं तरी मातीने, दगडाने ठासून भरलेल्या आडातून नाजूक पांढरे पतंग वर येऊन बांधलेल्या मच्छरदाणीच्या आतल्या बकेटमध्ये कसे जातात, हे कुठल्याही पुस्तकात नाही. फोटो आहेत माझ्याकडे. फोटोत अंड्यांचा ट्रे आणि त्यावर पतंग, एवढंच दिसतं. ओल दिसत नाही, वास तर नाहीच. सरांनी ते रेकॉर्ड 'जागा शंकास्पद' म्हणून बाजूला ठेवलं. मी हरकत घेतली नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी यातून काही सिद्ध करत नाहीये. झालं ते, झालं तसं लिहिलं. कुणाला सुचलं तर सांगा.

शेवटची सकाळ राहिली.

जीप उजाडतानाच आली. मामांनी गादी मागच्या सीटवर अंथरली, ड्रायव्हरला आत बोलावलं. आत्याला रात्रभर ताप होता. दोघे बाजेपाशी गेले तर तिने बाजेची दोरी मुठीत आवळून धरली. ओठ सुकलेले, डोळे लाल, पण पदर मात्र उन्हाच्या जागी पसरलेला.

"आधी ट्रे," ती म्हणाली. "बबे, ट्रे आण आधी."

ड्रायव्हर मामांकडे बघायला लागला. मामा खाली बघत होते.

मी परसात गेले. झाकण काढलं. पहिला ट्रे उचलला, दुसरा उचलला, सगळे उलटसुलट करून पाहिले. खडखडीत कोरडे होते. एका खळग्यात पांढरी धूळ, पंखाची, बोटाला लागली. बाकी काही नाही. वाससुद्धा नाही. मी बराच वेळ तिथे उकिडवी बसून होते, कारण तिकडे ओसरीत सगळे माझी वाट बघत होते आणि परत गेल्यावर मलाच काहीतरी म्हणावं लागणार होतं.

ट्रे घेऊन आले आणि तिच्या हातात दिला. आत्याने त्याच्यावरून बोटं फिरवली, प्रत्येक खळग्यात, पुन्हा पुन्हा, जसं काही चुकून राहिलं असेल. मग माझ्याकडे वर बघितलं. डॉक्टर, बाबा, नांदेडची खोली, नळाचं पाणी – जे सांगायला मला पाठवलं होतं, त्यातलं काहीच मला आठवलं नाही. मी तिची मूठ दोरीवरून सोडवली आणि म्हटलं,

"आता कुणी ओलं राहिलं नाही, आत्या. चल."